किलोमागे किती

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात कितीतरी घरांत आता औषधांच्या कपाटातला एक खण जनावरांचा असतो. वरच्या खणात आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आणि त्याखाली म्हाताऱ्या कुत्रीच्या सांध्यांच्या गोळ्या, पिल्लाचं कॅल्शियमचं सिरप, मांजराच्या केसांसाठी आणलेलं माशाचं तेल, पोट बिघडलं तर द्यायच्या पुड्या. माझ्या लहानपणी असा खण कुणाच्या घरात पाहिल्याचं मला आठवत नाही. कुत्रा म्हातारा झाला की पडवीच्या कोपऱ्यात पडून राहायचा, उठताना मागचे पाय थरथरायचे, आणि घरातले म्हणायचे, ‘वय झालं त्याचं.’ त्याला दुखत असेल, त्या दुखण्यावर काही करता येईल, हे कुणाच्या मनात येत नसे. आता येतं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच त्या खणातून जो एक धोका घरात येतो, त्याबद्दल नीट बोलायला हवं असं वाटतं.

सांध्यांची ती गोळी एकदा हातात घेऊन बघा. तपकिरी, मऊ, बोटांना किंचित तेलकट लागणारी. बाटलीचं झाकण उघडलं की भाजलेल्या कलेजीसारखा वास येतो. तो वास मुद्दाम घातलेला असतो. आजारी जनावराला गोळी द्यायची म्हणजे जबडा उघडा, जिभेच्या मागे ठेवा, तोंड मिटून धरा, आणि दोन मिनिटांनी सोफ्याखाली तीच गोळी ओली होऊन पडलेली सापडते. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी गोळीत कलेजीची पूड घातली, यीस्ट घातलं, कोंबडीचा अर्क घातला. म्हातारी कुत्री आता गोळीसाठी स्वतःहून येऊन बसते. तिच्यासाठी झालेली ही सोय मोठी आहे. पण त्याच घरात दुसरं जनावर असतं. तरुण, निरोगी, कायम भुकेलं. त्याच्या लेखी ती बाटली म्हणजे साठ तुकड्यांचा खाऊ आहे.

त्यातून ते जनावर लॅब्राडॉर असेल तर बोलायलाच नको. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दर चार लॅब्राडॉरमागे साधारण एकाच्या शरीरात एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो. ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूला देण्यात त्या जनुकाचा हात असतो. तो निरोपच नीट पोहोचत नसेल, तर ज्याला आपण हावरट म्हणतो तो खरोखरच भुकेला असतो. बाटली फोडून खाल्लेल्या कुत्र्याकडे बघताना मी हे लक्षात ठेवते. त्याच्या हातून चोरी झालेली नसते. त्याच्या नाकाने त्याला अन्न दाखवलं आणि त्याच्या पोटाने त्याला थांबवलं नाही, इतकंच.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अशी दोन कुत्री आहेत. राणी, बारा वर्षांची, रस्त्यावरून आणलेली, आता मागच्या पायांनी अधू. आणि शेरू, अठ्ठावीस किलोचा, पिवळसर लॅब्राडॉर. एका रविवारी संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली तेव्हा शेरू दिवाणाशेजारी शेपूट हलवत उभा होता. त्याच्या पुढ्यात राणीच्या सांध्यांच्या गोळ्यांची बाटली, झाकणाला दातांची भोकं पडलेली आणि तळ फुटलेला.

अशा वेळी घरात एकदम तीन-चार आवाज उठतात, आणि प्रत्येक आवाज मायेपोटीच उठलेला असतो. आजी म्हणाल्या, ‘अगं, टॉनिकच तर आहे ते. ताकदीचंच ना? काय होणार त्याने?’ कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, ‘मिठाचं पाणी पाजू या, उलटी होईल.’ काका दूध आणायला स्वयंपाकघरात गेले. काकूंनी मात्र फोन उचलला आणि डॉक्टरांना लावला. त्या घरात त्या संध्याकाळी झालेली पहिली योग्य गोष्ट ती.

डॉक्टरांनी फोनवर विचारलेले प्रश्न मला जसेच्या तसे आठवतात, कारण त्यांत घाबरण्याला जागाच नव्हती. ‘वजन किती त्याचं?’ ‘बाटलीचं नाव नको सांगू, मागची बाजू वाचून दाखव. एका गोळीत काय-काय आहे आणि किती?’ ‘किती गोळ्या गेल्या असतील?’ ‘किती वेळ झाला?’ ‘उलटी झालीय? तोल जातोय? लाळ गळतेय?’ ‘त्याला दुसरं काही औषध चालू आहे?’

किती गोळ्या गेल्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग जे झालं ते मला फार शिकवून गेलं. काकूंनी खणातून बिल काढलं. बाटली तीन तारखेला आणलेली, साठ गोळ्यांची. त्या दिवसापासून राणीला रोज एक. त्या दिवशी एकोणीस तारीख होती. म्हणजे सतरा गोळ्या राणीच्या पोटात गेलेल्या, बाटलीत त्रेचाळीस उरायला हव्या होत्या. मुलगा जमिनीवर पालथा पडून मोबाइलच्या उजेडात दिवाणाखालच्या गोळ्या वेचत होता. अर्ध्या-मुर्ध्या धरून नऊ सापडल्या. म्हणजे जास्तीत जास्त चौतीस गेल्या. प्रत्येकीत पाचशे मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन. चौतीस पाचे एकशेसत्तर, वर दोन शून्यं. सतरा हजार मिलिग्रॅम. भागिले अठ्ठावीस. किलोमागे सहाशेच्या वर.

डॉक्टर म्हणाले, ‘घेऊन या. मीठ अजिबात देऊ नका.’

तासाच्या आत शेरू टेबलावर होता. इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच त्याला उलट्या झाल्या आणि तपकिरी लगदा बाहेर पडला. त्यात प्लॅस्टिकचे दोन तुकडेही होते, आणि त्यांचा विचार तोपर्यंत कुणाच्याही मनात आलेला नव्हता. त्यानंतर दोन दिवस त्याचं पोट बिघडलेलं राहिलं. तिसऱ्या दिवशी यकृताची रक्ततपासणी झाली आणि ती ठीक आली.

ग्लुकोसामाइनने सहसा एवढंच होतं: उलटी, जुलाब, थोडी सुस्ती. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. कॅनडातल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली एका कुत्र्याची नोंद प्रसिद्ध झाली. सांध्यांच्या अशाच टॉनिकचा मोठा डोस पोटात गेल्यावर त्याच्या अनेक अवयवांचं काम एकाच वेळी बिघडलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवसाची ती तपासणी.

आजींचं वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही. ‘टॉनिकच तर आहे.’ हे त्यांचं एकटीचं मत नाही, आपल्या सगळ्यांच्या मनात ते मुरलेलं आहे. औषध कडू असतं, त्याला मर्यादा असते, ते जास्त झालं तर बाधतं. टॉनिक गोड असतं, ते ताकद देतं, मग जास्त घेतलं तर जास्त ताकद येईल, फार तर काहीच होणार नाही.

गंमत अशी की याच आजींच्या पिढीने मात्रेचा जितका काटेकोर विचार केला तितका आपण केलेला नाही. बाळगुटी आठवा. सहाणेवर दुधाचे थेंब, त्यावर वेखंड, हळकुंड, हरडा, मुरुडशेंग, जायफळ एकामागून एक उगाळायचं. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. महिन्याच्या बाळाला अमुक इतके, सहा महिन्यांच्या बाळाला तमुक. वेखंडाचा वेढा वाढला की पोटाला तिखट, जायफळाचा वेढा वाढला की बाळ गुंगीत जातं, हे त्या बायकांना ठाऊक होतं. उगाळताना त्या मध्येच बोलत नसत, मोजत असत. सर्दी झाली तर एक वेढा जास्त, जुलाब झाले तर हरडा बंद. तराजू नव्हता, मिलिग्रॅम नव्हते, पण बाळाचं वय, बाळाचा आकार आणि वस्तूचा जोर या तिन्ही गोष्टी त्या मोजणीत होत्या. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने विष आणि औषध यांतला फरक मात्रेत असतो असं मांडलं, आणि विषशास्त्राचा पाया त्या विचारावर उभा आहे असं मानतात. आपल्या घरांत तो विचार सहाणेवर रोज सकाळी होत होता.

आता वेढे गेले आणि बाटल्या आल्या. वेढा मोजणारीला तो का मोजायचा हे ठाऊक असे. बाटलीवरचा आकडा मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, मागच्या बाजूला असतो. तो ज्याच्यासाठी छापलेला असतो त्या जनावराचं वजन आणि प्रत्यक्षात खाल्लेल्या जनावराचं वजन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. चाळीस किलोच्या जर्मन शेफर्डसाठीची गोळी चार किलोच्या पॉमेरेनियनने खाल्ली तर एकच गोळी त्याच्यासाठी दहा गोळ्यांसारखी ठरते.

सगळ्याच बाटल्या सारख्या घातक नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच धास्तावतो. मांजराचं टॉरिन घ्या. मांजराच्या शरीराला ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही, आणि ते कमी पडलं तर मांजराचं हृदय ढिलं होत जातं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली हे दाखवलं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात ते काळजीपूर्वक वाढवण्यात आलं. हेच टॉरिन कुत्र्याने खाल्लं तर बहुतेक वेळा काही होत नाही. मांजराला सर्दीसाठी दिलेलं लायसिन, पोटाच्या चांगल्या जिवाणूंच्या पुड्या, यीस्टच्या गोळ्या, यांनी पोट बिघडतं आणि सुधारतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पुष्कळ गेल्या तर मात्र जुलाबांवर निभावेलच असं नाही. एकदम इतकं तेल पोटात गेलं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते.

खरी भीती वेगळ्या बाटल्यांची आहे, आणि त्यातल्या दोन तर आपल्याच खणातल्या आहेत.

पहिली ‘ड’ जीवनसत्त्वाची. आठवड्यातून एकदा घ्यायची साठ हजार युनिटची कॅप्सूल किंवा पुडी आज शहरातल्या घराघरांत आहे. साठ हजार युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. ऐकायला किती थोडं वाटतं. पण कुत्र्याच्या बाबतीत किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की पशुवैद्य सावध होतात. दहा किलोच्या कुत्र्याला ती मर्यादा ओलांडायला एक पुडी पुरते. मग काय होतं? त्या संध्याकाळी काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातलं कॅल्शियम चढू लागतं. कुत्रा सारखं पाणी पितो, सारखी लघवी करतो, जेवणाकडे पाठ फिरवतो. कॅल्शियम मूत्रपिंडात साचू लागतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं, त्यामुळे उपचारही दोन दिवसांत संपत नाहीत, ते आठवडेच्या आठवडे चालू शकतात. आणि हे सगळं टळतं, जर त्या पहिल्या शांत संध्याकाळी फोन झाला तर.

दुसरी लोहाची. सरकारी आरोग्य केंद्रातून गरोदर बायकांना मिळणारी लाल गोळी म्हणजे साठ मिलिग्रॅम लोह. दहा किलोच्या कुत्र्याने चार खाल्ल्या तर किलोमागे चोवीस मिलिग्रॅम झाले. विसाच्या पुढे त्रास सुरू होऊ शकतो, आणि दहा गोळ्या गेल्या तर किलोमागे साठ होतात, तिथून पुढे जिवावर बेतू शकतं. लोहाचा एक वाईट गुण आहे. आधी उलट्या-जुलाब होतात, कधी रक्ताचे. मग कुत्रा सावरल्यासारखा दिसतो. उठतो, शेपूट हलवतो. घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि दवाखान्यात जायचं रद्द करतात. त्यानंतरच्या दिवसांत यकृत आणि हृदय कोसळू शकतं. या मधल्या सुधारणेवर विश्वास ठेवून लोक फसतात. अनेक विषांवर दिला जाणारा कोळसाही लोहाला धरून ठेवत नाही. जनावरांच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांतही लोह असतं, पण बहुधा थोडं. म्हणूनच डॉक्टर ‘बाटलीचं नाव नको, मागची बाजू वाच’ असं म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे झायलिटॉल, साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा. माणसांच्या काही चघळायच्या जीवनसत्त्वांत आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये तो असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात तो गेला की इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंच त्याला पुरतं. जास्त गेला तर यकृतावर येतं. इथे थांबून बघायला वेळच नसतो.

दोन वेगळ्या जातीची जनावरं घरात असतील तर उलटाही विचार करावा लागतो. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या स्मृतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत अल्फा लायपोइक आम्ल असतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते मांजरांना कुत्र्यांपेक्षा दहापट विषारी असल्याचं आढळलं. म्हणजे कुत्र्याची नेहमीची गोळी मांजरासाठी नेहमीची राहत नाही. जनावरं एकाच गादीवर झोपत असली तरी त्यांची यकृतं एकसारखी नसतात.

आता त्या मिठाच्या पाण्याबद्दल. हा उपाय इतका रूढ आहे की तो सांगणारा माणूस दर वेळी आत्मविश्वासाने सांगतो. पण मिठाने उलटी होईलच याचा भरवसा नसतो, आणि नाही झाली तर ते सगळं मीठ रक्तात जातं. मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात, कुत्रा मरूही शकतो. साधी गोळी खाल्लेला कुत्रा उपायाने दगावतो. घशात बोटं घालणं तसंच. त्याने घसा फाटतो, आपलं बोट चावलं जातं. दूध हा उतारा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड काही वेळा डॉक्टर स्वतः सांगतात, मात्रा ठरवून, पण ते त्यांनी सांगितल्याशिवाय द्यायचं नाही, कारण जठराला त्याने जखमा होतात, आणि मांजराला तर देऊच नये. कुत्रा गुंगीत असेल, त्याला झटके येत असतील, पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर उलटी करवणं हाच धोका असतो. उलटी श्वासनळीत गेली तर फुप्फुसं जातात. उलटी करवायची की नाही, हा निर्णय फोनच्या पलीकडच्या माणसाचा. तो पहिल्या दोनेक तासांत झाला तर उपयोगी पडतो, म्हणून फोन आधी करायचा.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी पोळी त्याच्या घशाला लागू नये म्हणून. जनावरांसोबत राहून मला त्या गोष्टीतलं एक व्यवहाराचं शहाणपण दिसू लागलं आहे. कुत्र्याच्या तोंडात नको ती वस्तू असते तेव्हा आपण ओरडत, हिसकावून घ्यायला धावतो. मग तो जे चघळत असतो ते गिळून टाकतो. ओरडण्याने अर्ध्या गोळ्या वाचायच्या त्या सगळ्या पोटात जातात. हातात त्याच्या आवडीचं काही घेऊन, हलक्या आवाजात गेलं तर तो तोंडातलं सोडतो. देणारा माणूस जवळ आलेला त्याला कळतो.

घरातल्या माणसांच्या बाबतीतही हेच खरं आहे, आणि मला वाटतं हा भाग सगळ्यांत कमी बोलला जातो. बाटली टेबलावर कुणी ठेवली, हा प्रश्न त्या पहिल्या पाच मिनिटांत विचारला गेला की खरी माहिती बंद होते. मुलगा गप्प बसतो. कामाला येणाऱ्या बाई म्हणतात, ‘मी बघितलंच नाही.’ सूनबाई म्हणतात, ‘दोन-तीनच उरल्या होत्या त्यात.’ गोळ्यांचा आकडा लाजेखाली दबतो, आणि डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर उपचार ठरवतात. काकूंच्या घरी त्या संध्याकाळी हा प्रश्न कुणीच विचारला नाही. म्हणून बिल निघालं, म्हणून मुलगा दिवाणाखाली शिरला. वेळ कळत नसेल तर कुत्र्याला शेवटचं बरं कधी पाहिलं ती वेळ सांगावी. आकडा कळत नसेल तर जास्तीत जास्त किती असू शकतात तो सांगावा. कमी सांगण्यात कुत्र्याचं भलं नसतं.

आणखी एक गोष्ट त्या गडबडीत निसटत होती. राणी. बाटली तिची, गोळ्यांची चव तिलाही माहीत, आणि ती शांतपणे तिच्या गोधडीवर पडलेली. शेरूच्या तोंडाला वास येत होता म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरलं. डॉक्टरांनीच विचारलं, ‘दुसरीने काही खाल्लं नाही ना?’ दोन जनावरांच्या घरात दोघांनाही बघायचं असतं. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं, म्हणजे उलटी कुणाची, जुलाब कुणाचे हे कळतं. राणीने खाल्लं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तिला द्यायला धड गोळी उरली नव्हती, आणि सकाळी उठताना तिचे पाय जास्त थरथरले की आम्हालाच तसं वाटलं, कोण जाणे. काकू सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या नवी बाटली घेऊन आल्या.

रात्री-अपरात्री डॉक्टर कुठे गाठायचा, हा प्रश्न शहर आणि गाव यांत वेगवेगळा आहे. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. तालुक्याच्या गावात बहुतेक वेळा एक सरकारी पशुवैद्य असतात. त्यांचा दिवस गाईम्हशींमागे जातो, रात्री नऊनंतर त्यांचा फोन लागेलच असं नाही. तिथल्या माणसाने दोन-तीन नंबर आधीच जमवून ठेवलेले बरे, आणि त्यातला एक तरी रात्री उचलला जातो का, हे आजारपण नसताना विचारून ठेवावं. पशुवैद्य अशा प्रश्नाने रागावत नाहीत. माझ्या अनुभवात त्यांना तो आवडतो.

तेव्हा एवढं करा. जनावरांचा खण जमिनीपासून उंच, दाराला कडी असलेल्या कपाटात हलवा, आणि तुमच्या गोळ्यांचा खणही त्याच्यासोबत हलवा. बाटलीवर पेनाने आणल्याची तारीख लिहा, म्हणजे बिल शोधावं लागणार नाही. कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा, त्यावर डॉक्टरांचे नंबर आणि घरातल्या प्रत्येक जनावराचं वजन. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजा करा. उचलता येत नसेल इतका मोठा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर घेऊन जा. तिथे त्याचे पैसे सहसा घेत नाहीत.